नागपुरात हस्की पाळावा का? स्वभाव, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आपला उन्हाळा

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात मी, नवरा, सासूबाई (वय ७२) आणि मुलगा (वय ११). मुलाने वर्षभर एकच ध्यास घेतलाय, सायबेरियन हस्की. वहीच्या मागच्या पानावर तोच, मोबाइलच्या स्क्रीनवर तोच. ओळखीतल्या एकाकडे पिल्लं आहेत, पस्तीस दिवसांची. "दोन दिवसांत सांगा, नाहीतर जातील" असं म्हणतोय.

सासूबाईंना तो लांडगा वाटतो, त्या घाबरल्यात. मला स्वभावाबद्दल विचारायचंय. चावरा असतो का? मुलांत मिसळतो का? घर राखतो का? सकाळी दहा ते दोन घरात फक्त सासूबाई असतात, तेव्हा कसं? ज्यांच्याकडे आहे त्यांनी अनुभव सांगा. नवरा तयार आहे, मीच अडलेय.

गोरेवाडा_रोड

ताई, राखणीसाठी घेऊन राहिले असाल तर नका घेऊ. माझ्या साळ्याकडे होता. कोणीही आलं का त्याच्या पायात लोळून राहायचा. गावठी कुत्रा दहा पट चांगला राखतो. बाकी जीव मात्र लय लावते तो.

भुऱ्याचा_बाबा

रानजाईताई, आमचा भुऱ्या आता नऊ वर्षांचा आहे. प्रतापनगरला तळमजल्यावर राहतो, मागे छोटं अंगण आहे. एक डोळा निळा, एक तपकिरी. तुमच्या प्रश्नांची उत्तरं एकेक करून देतो, थोडं लांबेल.

चावरा? नऊ वर्षांत त्याने माणसावर कधी दात काढले नाहीत. सिलिंडरवाला, दूधवाला, मीटर बघायला येणारा, सगळे त्याचे पाहुणे. गोरेवाडाभाऊंनी सांगितलं ते शंभर टक्के खरं. यामागे कारण आहे. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक राहतात, त्यांनी पिढ्यानपिढ्या ही कुत्री बर्फावरची गाडी ओढायला पाळली. एका दोराला दहा-बारा कुत्री जुंपायची तर शेजाऱ्यावर गुरगुरणारं कुत्रं कामाचंच नाही. त्यामुळे सगळ्यांत मिसळणारी, भांडण न उकरणारी कुत्रीच पुढे पैदाशीला ठेवली गेली. अमेरिकन केनेल क्लबने १९३० साली या जातीला मान्यता दिली. त्यांनी जातीचं जे वर्णन ठरवलंय त्यातही लिहिलंय की राखणदार कुत्र्याचा हक्क गाजवण्याचा गुण याच्यात नसतो आणि परक्यांचा फारसा संशय तो घेत नाही.

मुलांशी? फार छान, पण दांडगट. नर वीस ते सत्तावीस किलोपर्यंत भरतो आणि अंगात ओढायचीच ताकद असते. माझी भाची चार वर्षांची असताना भुऱ्याने प्रेमानेच तिला तीनदा पाडलं. अकरा वर्षांच्या मुलाला तो आवडेल आणि मुलगाही त्याला आवडेल. पण पट्टा त्याच्या एकट्याच्या हातात देऊ नका. मांजर किंवा खार दिसली की तो सुटलाच. शेजारी मांजर, ससा, कोंबड्या असतील तर आधीच सांगून ठेवा. शिकारीची ओढ या जातीत पक्की असते, रागावून ती जात नाही.

आता तुमच्या सासूबाईंचं. इथे मी माझी चूक सांगतो. भुऱ्या दोन वर्षांचा असताना मला ताप होता म्हणून आई त्याला गल्लीत घेऊन गेली. आई तेव्हा सत्तरीची. कडुनिंबावरून खार उतरली, भुऱ्याने झेप घेतली आणि आई रस्त्यावर पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. भुऱ्या परत येऊन तिच्या तोंडाशी तोंड लावून बसला होता. आईने त्याला एक शब्द बोलला नाही, पण मला आजही तो दिवस खातो.

आणि ऐकणं. लॅब्राडॉरला "ये" म्हटलं की येतो. भुऱ्याला "ये" म्हटलं की तो माझ्याकडे बघतो, मग फाटकाकडे बघतो, आणि मग त्याला वाटलं तर येतो. बर्फावर गाडीच्या पुढच्या कुत्र्याने माणसाचा हुकूम डोळे मिटून मानला आणि खाली बर्फ पातळ निघाला तर गाडीसकट सगळे बुडतात. म्हणून स्वतः ठरवणारं कुत्रंच तिथे मोलाचं. बर्फात तो गुण, आपल्या गल्लीत ती डोकेदुखी. एकदा टँकरवाल्याने फाटक उघडं ठेवलं. भुऱ्या थेट खामल्याच्या पुढे सापडला, एका पानठेल्यावर चार माणसांच्या मध्ये आडवा पडून. ठेलेवाल्याने त्याला बिस्किटं दिली होती. मोकळा सोडायचा नाही, कधीच नाही, हे त्या दिवशी समजलं.

बाकी संध्याकाळी लिहितो, उन्हाळ्याचं मोठं आहे.

चिन्मय_एन

मी थोडी दुसरी बाजू मांडतो. धरमपेठला फ्लॅटमध्ये दोन हस्की आहेत, चौथं वर्ष. काहीही त्रास नाही. एसी आहे, पहाटे आणि रात्री फिरवतो, पिल्लू असल्यापासून शिस्त लावली. लोक उगीच घाबरवतात. स्वभावाने इतकं प्रेमळ, इतकं निर्मळ कुत्रं दुसरं नाही. भुंकत नाही म्हणून सोसायटीलाही बरं.

शालू_वर्धारोड

भुंकत नाही, पण आळवतो तर ना! आमच्या मागच्या घरात आहे. मालक कामावर गेले की अकरा वाजल्यापासून जे सूर लावतो ते संध्याकाळपर्यंत. कुत्र्याचा राग येत नाही, जीव तुटतो त्याच्यासाठी.

चिन्मय_एन

ताई, ते एकटेपणामुळे. हस्कीला कळपाची सवय असते, एकटा राहिला की रडतो, सोफा फाडतो, दार उकरतो. माझं काम घरूनच चालतं आणि दोघं एकमेकांना सोबत आहेत, त्यामुळे माझ्याकडे तसं होत नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं.

गोरेवाडा_रोड

मग भाऊ, ज्याचं काम घरून नाही चालत, त्यानं काय करावं?

भुऱ्याचा_बाबा

संध्याकाळी लिहितो म्हणालो होतो.

आपल्याकडे मे महिना म्हणजे काय हे इथे सगळ्यांना माहीत आहे. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. मेअखेरच्या नवतपात तर रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. आणि हस्कीच्या अंगावर दोन थर केस. आतला दाट, लोकरीसारखा. बाहेरचा लांब.

माझा मे महिन्याचा दिवस सांगतो. सव्वाचारला उठायचं. बाहेर पडण्याआधी डांबरावर हाताची मागची बाजू ठेवायची, पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पहाटे सहसा सोसतं. पाऊण तास जोरात चालणं, साडेपाचला घरात. त्यानंतर थेट रात्री साडेनऊ-दहा. मधले सोळा तास तो घरातच. न्हाणीघराची कोटा फरशी त्याची आवडती. दुपारी कूलरच्या समोर पोट पसरून पडतो. संध्याकाळी मी लिंबाच्या बुंध्याशी पाणी मारतो तिथे त्याने स्वतःच्या मापाचा खड्डा उकरलाय, त्या ओल्या मातीत शिरतो आणि फक्त कान वर दिसतात. लिंबाची मुळं उघडी पडली, झाड जगलं.

लक्षात घ्या, स्वभावाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. हे कुत्रं दिवसभर पळायला जन्मलंय. आपण त्याला चार महिने दिवसातून दीड तास देतो. ती साठलेली ताकद कुठेतरी निघणारच. भुऱ्याने दुसऱ्या उन्हाळ्यात गादी फाडली, दाराची चौकट कुरतडली, कूलरचं वाळ्याचं तट्टं ओढून काढलं. मी त्याला वाईट म्हणत होतो. मग डॉक्टरांनी समजावलं की तो कंटाळलाय. तेव्हापासून दुपारी त्याला डोक्याचं काम देतो. फडक्याच्या गाठीत खाऊ बांधायचा, खोक्यात खोकं ठेवून आत लपवायचा, बर्फाच्या लादीत भाजीचे तुकडे गोठवायचे. अर्धा तास त्यात गेला की दोन तास झोपतो.

आणि थंडीत हाच कुत्रा बघा. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ वर आला होता, आम्ही सगळे शेकोटीला. भुऱ्या रात्रभर गच्चीवर, शेपटी नाकावर घेऊन. सकाळी पाठीवर दव. मला बघून उठला आणि गच्चीभर असा धावला की मी त्याला तसा कधी पाहिलाच नव्हता. आनंद झाला, आणि घशात दाटून आलं. हा कुत्रा खरा असा आहे आणि आपल्याकडे वर्षातले जेमतेम दोन महिने तो असा असतो.

पशुवैद्य_निवृत्त

वरच्या पोस्टमध्ये थोडी भर घालतो. तीस वर्षं याच शहरात जनावरं तपासली.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरचं, तोंडातलं पाणी उडवतो आणि त्यातून अंग थंड करतो. म्हणजे आपल्या कूलरसारखंच. मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून कूलरही चालतो आणि धापही चालते. जूनमध्ये पहिला पाऊस पडून दमटपणा आला की कूलर नुसती ओल फेकतो, आणि कुत्र्याची धापही तशीच वाया जाते. पारा ४५ वरून ३६ वर आला म्हणून लोक निर्धास्त होतात आणि भर दुपारी फिरवायला काढतात. उष्माघाताची कुत्री माझ्याकडे त्या उमसेच्या दिवसांतही यायची.

खुणा लक्षात ठेवा. जीभ गडद लाल, लाळ चिकट आणि तारेसारखी, चाल झोकांड्या देणारी, उलटी. नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या वर गेलं तर एकेक मिनिट मोलाचं. आधी तिथेच नळाचं पाणी अंगभर ओता, पंख्याखाली घ्या, मग दवाखाना. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता आतच कोंडते.

केस भादरायचे नाहीत. दरवर्षी मार्चमध्ये कोणीतरी हस्कीला भादरून आणायचं आणि म्हणायचं, आता त्याला मोकळं वाटेल. ते केस उन्हापासूनही त्याला राखतात. भादरल्यावर कातडी भाजते आणि कधीकधी केस पूर्वीसारखे येतही नाहीत. रोज आतला सुटलेला थर विंचरून काढा, तेवढंच हवं.

पावसाळ्यात त्या दाट केसांत गोचीड दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते. कानाच्या मागे, पंजाच्या बोटांत, काखेत. गोचिडाच्या तापाने सुस्त पडलेला कुत्रा लोकांना उन्हाने गळालेला वाटतो आणि उपचाराला उशीर होतो. आणि हो, अंगाच्या मानाने हस्की कमी खातो. उन्हाळ्यात आणखी कमी. पाणी पीत असेल, खेळत असेल तर बळेच भरवू नका.

एक महत्त्वाचं. पस्तीस दिवसांचं पिल्लू? २०१७ च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी आईजवळ आणि भावंडांत राहून पिल्लू दाताचा जोर आवरायला शिकतं. ते शिकायच्या आत उचललं तर तुम्हीच म्हणाल हस्की चावरा. आईला बघितलंत का? ती कशी आहे, घाबरट आहे का, डोळे स्वच्छ आहेत का? या जातीत लहान वयात मोतीबिंदू होण्याची प्रवृत्ती आहे. "दोन दिवसांत सांगा" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

शुभ्रा

मी इथे सहसा लिहीत नाही. आमची हस्की मागच्या मेमध्ये गेली. पाच वर्षांची होती. एसी लावून ऑफिसला गेले होते. दीडच्या सुमारास वीज गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखे. शेजारी कोणी नव्हतं. मी सहाला आले. ती दाराशीच होती, उंबऱ्याला नाक लावून.

ती माझ्याशी बोलायची. ऊ-ऊ करून, मान तिरकी करून, मी उत्तर दिलं की पुन्हा ती. घरात आता फार शांत वाटतं.

रानजाई, एसी आहे का हे विचारूच नका. दुपारी दीड वाजता वीज गेली तर तिला उचलून दुसरीकडे नेणारं माणूस घरात आहे का, एवढंच विचारा.

शालू_वर्धारोड

शुभ्रा, काय बोलावं कळत नाही गं. तू तिच्यासाठी जे करता आलं ते केलंस.

चिन्मय_एन

शुभ्राताई, वाचून सुन्न झालो. मी आज जनरेटरची चौकशी केली. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे किल्ली ठेवली.

उत्तरायण

मूळची धरमपेठची, आता अलास्कात अँकरेजला. हा धागा दोन दिवस वाचतेय.

इथे मार्चच्या पहिल्या शनिवारी इडिटारॉड या कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यतीची सुरुवात शहरातल्या फोर्थ अव्हेन्यूवर होते. रस्त्यावर ट्रकने बर्फ आणून पसरतात. गाडीला जुंपलेली कुत्री निघायच्या आधी अक्षरशः किंचाळतात, चारी पायांवर उड्या मारतात, दोर चावतात, माणसं धरून धरून दमतात. दोर सुटला की त्याच क्षणी सगळा आवाज बंद. फक्त पंजांचा आणि गाडीच्या पट्ट्यांचा सरसर आवाज. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं. त्यांना ओढायला लावत नाहीत, ओढण्यापासून थांबवावं लागतं. (शर्यतीतली बहुतेक कुत्री आता मिश्र रक्ताची अलास्कन हस्की असतात, शुद्ध सायबेरियन कमी. पण ओढ तीच.)

रानजाई, तुझ्या मुलाला टोगोची गोष्ट सांग. १९२५ साली इथल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध १०८५ किलोमीटरवरून कुत्र्यांच्या गाड्यांनी पोचवलं, वीस गाडीवानांनी, साडेपाच दिवसांत. शेवटच्या टप्प्यातला बाल्टो प्रसिद्ध झाला, त्याचा पुतळा न्यूयॉर्कला आहे. पण सगळ्यांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेप्पालाचा, आणि त्याच्या गाडीत पुढे टोगो, तेव्हा बारा वर्षांचा. गोठलेल्या समुद्रावरून गेले ते.

पण मला सांगायचंय ते त्याच्या लहानपणाचं. पिल्लू आजारी आणि उनाड होतं म्हणून सेप्पालाने ते एका घरी पाळायला देऊन टाकलं होतं. चांगलं घर होतं, लाड होते. काही आठवड्यांत टोगोने खिडकीच्या बंद काचेतून उडी मारली आणि काही मैल धावत परत गाडीच्या कुत्र्यांत आला. सेप्पालाने पुन्हा त्याला कुणाला दिलं नाही.

गोरेवाडा_रोड

काच फोडून गेला. बाप्पा. हे माझ्या पोट्ट्यालेबी सांगतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा मुलाला वाचून दाखवला. शुभ्राताईंच्या पोस्टला तो उठून बाल्कनीत गेला. परत आल्यावर त्याने मला हे लिहायला सांगितलंय, त्याच्याच शब्दांत:

"मी पहाटे चारला उठीन. खरंच उठीन. मी त्याचे केस विंचरीन. आजीला पट्टा कधीच देणार नाही. तरी पण नाही का?"

मला काय उत्तर द्यावं कळत नाहीये. पिल्लूवाल्याला आम्ही "नको" असं कळवलंय. तो म्हणाला, बाकी लोक तर तीस दिवसांचीच नेतात.

भुऱ्याचा_बाबा

ताई, मुलाला सांगा, नाही असं मी म्हणत नाही. त्याने एक करावं. मला आता पन्नाशीत गुडघ्याचा त्रास आहे आणि भुऱ्याला चालायला सोबत हवी असते. मेचा पूर्ण महिना, पहाटे साडेचार, माझ्या घराच्या फाटकापाशी. तुमच्यापैकी कोणीतरी त्याला सोडायला या. पट्टा आधी माझ्याच हातात राहील. अंगात हार्नेस असेल, गळ्यातला पट्टा नाही, कारण तो ओढतो आणि गळ्यावर ताण येतो. एक महिना त्याने त्याला रोज बघावं. उन्हाळ्यातला हस्की बघितल्याशिवाय नागपुरात हस्की बघितला असं होत नाही.

पशुवैद्य_निवृत्त

उत्तम. मुलाने एक वही ठेवावी. रोज किती चालला, किती पाणी प्यायला, किती वाजता धाप थांबली.

रानजाई

धागा वर काढतेय. जूनची दहा तारीख.

मुलगा एकतीसपैकी सत्तावीस दिवस गेला. एकदा ताप होता, एकदा लग्नाला गेलो होतो, दोनदा खरंच उठला नाही आणि दिवसभर कोणाशी बोलला नाही. वही ठेवलीय. तिच्यातलं एक पान जसंच्या तसं: "आज भुऱ्या कोपऱ्यावर बसून राहिला. उठेना. काका म्हणाले, ओढायचं नाही. आम्ही पण बसलो. अकरा मिनिटं. मग तो स्वतः उठला आणि घराकडे वळला. काका म्हणाले त्याला कळतं."

पंचवीस तारखेला सासूबाई म्हणाल्या, मला पण त्याला बघायचंय. अंगणात खुर्चीवर बसवलं. भुऱ्या खड्ड्यातून ओल्या मातीसकट उठला, हळूच आला आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकली. त्यांच्या नऊवारीला चिखलाचा डाग पडला. त्या घाबरल्या होत्या, मला दिसत होतं, पण हात मागे घेतला नाही. नंतर रिक्षात म्हणाल्या, "डोळे लांडग्याचे आहेत, पण नजर माणसाची आहे."

पिल्लू आम्ही घेतलं नाही. मुलाने स्वतः सांगितलं, आपल्या घरी दुपारी आजी एकटी असते आणि तिला तो उचलता येणार नाही. शुभ्राताई, त्याने तुमचं नाव घेऊन सांगितलं. त्यानंतर रात्री बराच वेळ रडला, मी थांबवलं नाही.

शुभ्रा

त्याला माझ्याकडून खूप प्रेम सांग. माझ्याकडे तिचा विंचरायचा मोठा ब्रश आहे, चांगला आहे. भुऱ्यासाठी पाठवू का?

भुऱ्याचा_बाबा

शुभ्राताई, जरूर पाठवा. आत्ता त्याचे केस गळतायत, रोज पिशवीभर निघतात.

रानजाई

दादा, मुलगा विचारतोय, शाळा सुरू झाली तरी आलं तर चालेल का? आणि पाऊस लागल्यावर वेळ तीच का?

भुऱ्याचा_बाबा

तीच, साडेचार. जुना टॉवेल घेऊन या, तो पहिल्या डबक्यातच बसतो. आल्यावर बोटांच्या मधली गोचीड बघायचं काम आता त्याचं.